आवाज क्रमांक एक

आमच्या घरात नाटक या विषयावर बोलायचा अधिकार मला नाही. तो बायकोच्या माहेराकडे आहे. बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे दादा, आमच्याच कार्यालयात आस्थापना शाखेचे प्रमुख आणि कार्यालयाच्या नाट्यमंडळाचे कायमचे नायक आहेत. मी आवक-जावक शाखेत कारकून आहे आणि त्याच मंडळाचा गेली चौदा वर्षं प्रॉम्प्टर आहे. म्हणजे दादा उजेडात उभे राहून जे बोलतात, ते मी तीन सेकंद आधी डाव्या विंगेत अंधारात उभा राहून बोललेलो असतो. मी बोललो की ती कुजबुज, आणि तेच दादा बोलले की तो अभिनय.

दादांना नाटक पाठ होत नाही. अर्धं होत नाही असं नाही, अजिबात होत नाही. "कोण आहे तिकडे?" एवढं तीन शब्दांचं वाक्यसुद्धा मी दिल्याशिवाय त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही. ही गोष्ट मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त माझ्या बायकोला. "दादाला प्रॉम्प्टिंग लागतच नाही," असं ती चारचौघांत सांगते. "हे आपले हौसेने उभे राहतात तिथे. तेवढाच त्यांना विरंगुळा."

मला बक्षीस नको होतं, हारतुरे नकोत, फोटोत पहिल्या रांगेत खुर्ची नको. चौदा वर्षांत मला एकच गोष्ट हवी होती. हिने एकदा, आपल्या तोंडाने म्हणावं की, अहो, तुम्ही नसता तर दादाचं काही खरं नव्हतं. माणसाची इच्छा याहून लहान असू शकत नाही. पण लहान इच्छेला घरात कोणी विचारत नाही.

अशात एक पत्र आलं. परदेशातल्या कुठल्याशा हौशी नाट्यमहोत्सवाने आमच्या नाटकाचं चित्रीकरण मागवलं होतं. अट अशी की नाटक त्यांच्या भाषेत हवं, आणि नुसता वरून चिकटवलेला आवाज चालणार नाही, नटांचे ओठही त्यांच्याच भाषेत हलायला हवेत. हे काम त्यांच्या ओळखीची एक कंपनी एआयच्या मदतीने करून देणार होती. म्हणजे दादा आपल्या भाषेत "थांब" म्हणालेले असले तरी पडद्यावर त्यांचे ओठ तिकडचं "थांब" म्हणणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की हा गृहस्थ आपल्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला. आमच्या मंडळाने फक्त चित्रीकरण आणि आवाज तयार करून पाठवायचे होते.

या 'फक्त'वर माझा विश्वास नाही. आजवर मला जे जे नडलं ते 'फक्त' म्हणूनच घरात शिरलं. "फक्त एक सही करा," म्हणून मी इमारतीचा चिटणीस झालो आणि पाच वर्षं पाण्याच्या टाकीत डोकावत काढली.

मंडळाची बैठक झाली. हे काम कोणी करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा सहाही नट एकदम छताकडे बघू लागले. दादा म्हणाले, "जावईबापू करतील. नाहीतरी नाटकात ते रिकामेच उभे असतात."

कंपनीने तेवीस सूचनांची यादी पाठवली होती. नटाचा चेहरा समोरून दिसावा. तोंडावर हात, रुमाल, माइक येऊ नये. प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा असावा. पार्श्वभूमीला दुसरा कुठलाही आवाज नसावा. ज्या जागी चित्रीकरण झालं त्या जागेची नुसती शांतता एक मिनिटभर वेगळी रेकॉर्ड करून पाठवावी. आणि सर्वांत आधी, ज्याच्या ओठांत फेरफार होणार त्या प्रत्येकाचं संमतिपत्र हवं, आणि नट नोकरीत असतील तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्रही.

म्हणून मी प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेलो.

"कशाबद्दल परवानगी हवी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ओठांबद्दल, साहेब."

"कोणाच्या?"

"सहा कर्मचाऱ्यांच्या."

"म्हणजे बारा." त्यांनी चष्मा काढला. "ओठांसाठी वेगळा नमुना नाही आपल्याकडे. सभागृहाचा आहे, वाहनाचा आहे. खुर्च्या बाहेर न्यायच्या असतील तर त्याचा आहे."

"यातला कुठला चालेल?"

"खुर्च्यांचा बसेल. पण त्यात 'परत आणण्याची तारीख' असा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही."

मी पुढच्या महिन्याची तारीख घातली. मग त्यांना वेगळीच शंका आली. परक्या भाषेत हे ओठ नक्की काय बोलणार? उद्या आस्थापना शाखेच्या प्रमुखाचे ओठ सेवानियमांच्या विरोधात काही बोलले तर जबाबदार कोण? मी म्हणालो, नाटकात असं काही नाही. ते म्हणाले, नाटकात नसेल, पण त्यांच्या भाषेत काय आहे हे तुम्हाला समजतं का? मला समजत नव्हतं. त्यांनाही समजत नव्हतं. कार्यालयात कोणालाच समजत नव्हतं. तेव्हा 'कोणालाच समजत नसल्याने आक्षेप संभवत नाही' असा शेरा मारून फाइल पुढे सरकली. शेवटी अकराव्या दिवशी हातात कागद पडला : 'सदर बारा नग ओठ कार्यालयीन वेळेव्यतिरिक्त वापरण्यास हरकत नाही. ते सुस्थितीत परत आणण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील.'

मी तो कागद आणि सगळं चित्रीकरण कंपनीला पाठवलं आणि सुटकेचा श्वास टाकला. तो घाईने टाकला होता, हे आठ दिवसांनी कळलं.

आठ दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा अहवाल आला. त्यांच्या यंत्राने नाटक ऐकून त्यातले आवाज वेगवेगळे काढले होते. चेहरे सहा, आवाज सात. जो जास्त बोलतो त्याचा नंबर आधी, असा त्यांचा क्रम होता. दादा होते आवाज क्रमांक दोन. आणि आवाज क्रमांक एक, नाटकात सर्वाधिक बोलणारा, स्पष्ट उच्चारांचा, एकदाही न अडखळणारा, असा जो होता, त्याच्यापुढे लिहिलं होतं : 'चेहरा सापडत नाही. हे पात्र कोण आहे? कृपया त्याचं चित्रीकरण पाठवावं.'

झालं होतं ते असं. नाटकाचं चित्रीकरण करणारा फोटोग्राफर एरवी समारंभांचे व्हिडिओ काढतो. त्याने माइक रंगमंचाच्या मधोमध न लावता डाव्या विंगेशी लावला, कारण प्लग तिथे होता. प्लग तिथे होता आणि मीही तिथेच होतो.

तो अहवाल मी छापून घेतला. दोन प्रती काढल्या. एक प्रत जेवणाच्या टेबलावर, बायकोच्या ताटाशेजारी ठेवली. पहिल्या ओळीखाली लाल रेघ मारली होती, पण ती सहज मारल्यासारखी दिसावी म्हणून जराशी तिरकी.

बायकोने वाचलं. भाजी वाढली. "यंत्र आहे ते," ती म्हणाली. "चुकायचंच."

"यंत्राला काय पडलंय? त्याला ना मी माहीत, ना दादा."

"म्हणूनच तर. दादा माहीत असता तर असं लिहिलं असतं का त्याने?"

लाल रेघेवर आमटीचा थेंब पडला, तेवढीच काय ती दखल.

दादांना अहवाल दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा मी चौदा वर्षांत पाहिला नव्हता असा झाला. "हा आवाज पुसून टाका," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या प्रतिमेचा प्रश्न आहे, जावईबापू. उद्या परदेशात कळलं तर?" मग आणखी हळू आवाजात म्हणाले, "आणि घरात कळलं तर?"

पुसणार कोण? मीच. माझी कुजबुज कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे माझ्याशिवाय कोणाला कळणार? नाटकाची वही माझ्याकडे, आवाज माझा, आणि खोडरबरही माझ्याच हातात. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच असावं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचं उभं आयुष्य लाऊडस्पीकर दुरुस्त करण्यात गेलं. ते मदतीला आले. काकांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणींचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. "आधी अर्थिंग बघा," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे. "तरी बघा," ते म्हणाले. मी बघितलं. मग त्यांनी मला आवाजाच्या रेषा दाखवल्या. दादांचा आवाज म्हणजे मोठमोठे डोंगर, आणि प्रत्येक डोंगराच्या आधी एक बारीकशी टेकडी. ती टेकडी म्हणजे मी. तशा चारशे बारा टेकड्या होत्या.

रोज कार्यालयातून आल्यावर चहा घेऊन मी स्वतःला पुसायला बसे. तिसऱ्या दिवशी जरा वाईट वाटायला लागलं. एकेक वाक्य ऐकताना आठवायचं, या वाक्याला दादा पार कोरे झाले होते आणि मी तेच वाक्य तीन वेळा दिलं होतं, तिसऱ्यांदा तर घसा फाटेपर्यंत कुजबुजलो होतो. ते वाक्य मी निवडायचं, बटण दाबायचं, आणि टेकडी सपाट. दादांचा डोंगर तेवढा शिल्लक राहायचा, जणू तो आपला आपणच उगवला होता. बायको चहाचा कप न्यायला आली की क्षणभर थांबून ऐकायची आणि म्हणायची, "बघा, किती छान बोलतो दादा."

पुसून झाल्यावर निराळाच घोळ समोर आला. माझा आवाज गेला, पण मी बोलत असतानाचा वेळ तिथेच राहिला. प्रत्येक वाक्याआधी दादा तीन-चार सेकंद तोंड मिटून, मान किंचित डावीकडे करून उभे. सगळी शांतता मोजली तर बावीस मिनिटं भरली. शिवाय पुसलेल्या जागी सभागृहाचा नेहमीचा बारीकसा आवाजही गेला होता, आणि अचानक बहिरं झाल्यासारखं वाटत होतं. त्या जागी जागेची रिकामी शांतता भरा, असं कंपनीच्या बाईंनी सांगितलं. सभागृहाची शांतता पाठवायची राहूनच गेली होती, ती मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन आणली. पण अडतीस वाक्यांत माझा आणि दादांचा आवाज एकावर एक चढला होता. ती वाक्यं दादांना घरी बसवून पुन्हा बोलवून घ्यायची होती, आणि त्यासाठी आमच्या दिवाणखान्याचीही एक मिनिट शांतता लागणार होती.

आमच्या इमारतीत एक मिनिट शांतता मिळवणं किती अवघड आहे हे चिटणीस म्हणून मला ठाऊक होतं. मी रीतसर सूचना लावली. रविवारी सकाळी अकरा वाजता कोणी मोटर लावू नये, फर्निचर सरकवू नये, गच्चीत उड्या मारू नयेत. सूचनेमुळे झालं एवढंच, की अकरा वाजता काय आहे ते बघायला लोक घरी आले. शेजारचे दातांचे डॉक्टर आले. त्यांचा दवाखाना आमच्या भिंतीला लागूनच आहे, आणि 'ओठांचं काम आहे म्हणजे माझ्याच शेजारचं खातं' असं त्यांचं म्हणणं होतं. काका आले, दादा तर आलेच होते. मी सर्वांना भिंतीला लागून उभं केलं, माना खाली घाला म्हटलं, कारण माणूस समोर बघत राहिला की त्याला बोलावंसं वाटतं. मी स्वतः माइक धरून सोफ्यामागे बसलो आणि बटण दाबलं.

चाळीस सेकंद अप्रतिम शांतता मिळाली. तेवढ्यात दार ढकलून खालच्या मजल्यावरच्या मावशी आत आल्या. त्यांनी खाली माना घातलेली माणसं बघितली, माझ्या बायकोकडे बघितलं, मी कुठेच दिसलो नाही, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

"कधी गेले?"

"अहो, कोणी गेलं नाही," बायको हळूच म्हणाली.

"म्हणजे अजून आशा आहे का?"

मी सोफ्यामागून उठलो तेव्हा मावशी जी किंचाळल्या ती किंचाळी माझ्याकडे अजून आहे. अत्यंत स्वच्छ रेकॉर्डिंग झालंय. त्या तशाच बाहेर पळाल्या, आणि त्या कोणाला काय बोलल्या देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत तिघे गंभीर चेहरे करून भेटायला आले. दार मीच उघडलं. त्यांच्यातल्या एकाने तर "तुम्ही?" असं विचारलं, आणि त्यात आनंदापेक्षा गैरसोयच जास्त होती.

शांतता दुपारी दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. आता अडतीस वाक्यं. दादांना खुर्चीत बसवलं, कंपनीला ओठही दिसायला हवे होते म्हणून समोर कॅमेरा, दोन्ही बाजूंनी दिवे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या टेकवल्या. दादा घामाघूम झाले, पण चेहरा कसलेल्या नटाचा करून बसले.

"हं. सुरू करा," मी म्हणालो.

दादांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याने दादांकडे बघितलं.

"दादा, बोला ना."

"तुम्ही द्या की."

इथेच खरी मेख होती. मी वाक्य दिलं तर माझा आवाज पुन्हा रेकॉर्ड होणार, आणि नाही दिलं तर दादांचा होणार नाही. बायको भाजी निवडत आतून बघत होती. तिला वाटलं दादा भूमिकेत शिरतोय. "त्याला घाई करू नका," ती म्हणाली.

वाक्यं मोठ्या कागदांवर लिहून कॅमेऱ्यामागे धरली. दादांना चष्म्याशिवाय दिसेना, आणि चष्मा घातला तर काचेत दोन दिवे आणि मी असे तिघे चमकू लागलो. अक्षरं आणखी मोठी केली. मग एका कागदावर दोनच शब्द मावू लागले, आणि दादा वाक्य असं बोलले की जणू नकाशावरची गावं वाचताहेत. डॉक्टरांनी सुचवलं, खालचा ओठ जरा सैल सोडा. काकांनी सुचवलं, अर्थिंग बघा.

उपाय शेवटी माझ्याच डोक्यातून निघाला. दादांच्या कानात कॉलरखालून छोटा इअरफोन घालायचा आणि मी न्हाणीघरात दार लावून फोनवरून वाक्यं द्यायची. हिला सांगितलं की मी आत तांत्रिक बाजू सांभाळतोय. आता हे नाटक सूडाचं आहे. दादा त्यात एका फसवल्या गेलेल्या बापाचं काम करतात आणि तिसऱ्या अंकात खलनायकाला खोलीत कोंडून त्याच्याशी बोलतात. मी बादली उलटी करून बसलो आणि भावनेसकट एकेक वाक्य देऊ लागलो. भावना द्यायची गरज नव्हती, हे मान्य. पण चौदा वर्षांत दार लावून, मोकळ्या आवाजात बोलायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती.

"आता ओरडून काही उपयोग नाही. इथे तुझं ऐकणारं कोणी नाही." पलीकडे दादांनी ते सुरेख उचललं. मी आणखी रंगात आलो. "तोंड उघड. उघड तोंड! आज मी मुळापासून उपटल्याशिवाय राहणार नाही!"

आमच्या न्हाणीघराची खिडकी ज्या अरुंद बोळकंडीत उघडते, तिथेच डॉक्टरांच्या दवाखान्याचीही खिडकी उघडते. डॉक्टर तेव्हा एका पेशंटसाठी परत गेले होते. पेशंट खुर्चीत आडवा, डॉक्टर सुई भरायला पाठमोरे, आणि खिडकीतून हे आवाज. तो गृहस्थ गळ्यातल्या पंचासकट जिना उतरला तो आजतागायत आलेला नाही. डॉक्टर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. "माझ्या हातात सुई आणि तोंडी तुमचं वाक्य," एवढंच ते काकांजवळ म्हणाले.

पण अडतीस वाक्यं झाली. सगळं आवरून पाठवलं. चार दिवसांनी कंपनीच्या बाईंचा निरोप आला की आता सगळं उत्तम आहे, फक्त एक खुलासा हवा. महोत्सवाला पाठवलेल्या अर्जात मी सात नावं दिली होती. सातवं माझं होतं, 'पडद्यामागून आवाज' असं लिहून. आता नाटकात सातवा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा ते नाव श्रेयनामावलीतून काढायचं का?

उत्तरासाठी दोन चौकटी होत्या, होय आणि नाही. मी बायकोला हाक मारली आणि वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, निदान आता तरी ती काही म्हणेल.

"आता आवाजच नाही तर नाव कशाला?" ती म्हणाली. "उगाच त्यांना वाटायचं, चूक राहिली."

मी 'होय'वर टिचकी मारली. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. चारशे बारा टेकड्या पुसताना झालं नव्हतं तेवढं दुःख त्या एका चौकटीने झालं.

नाटक तयार होऊन आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी कार्यालयाच्या सभागृहात बसून ते बघितलं. दादांचे ओठ त्या परक्या भाषेत असे सफाईने हलत होते की प्रशासन अधिकाऱ्यांनी ना हरकत प्रमाणपत्राची प्रत काढून पुन्हा वाचली. आणि दीड महिन्याने निकाल आला. नाटकाला पारितोषिक नव्हतं. दादांना होतं. अभिनयाचं खास पारितोषिक, आणि सोबत परीक्षकांचा अभिप्राय : 'या नटाचं बोलणं चांगलंच आहे, पण त्याचं मौन असामान्य आहे. प्रत्येक वाक्यापूर्वी तो थांबतो, दूर कुठेतरी काही ऐकतो आणि मगच बोलतो. असं ऐकणं आम्ही रंगभूमीवर क्वचितच पाहिलं.'

बावीस मिनिटं. ती माझी होती. एकेक सेकंद मी पुसून तयार केलेली.

बायकोने अभिप्राय चौकटीत घालून भिंतीला लावला. इमारतीत पेढ्यांऐवजी, डॉक्टरांच्या आग्रहावरून, बिनसाखरेची बिस्किटं वाटली. मावशींनी मला थांबवून विचारलं, "तुम्हीही होतात ना नाटकात कुठेतरी?" मी म्हटलं, होतो, पण गेलो.

मग सत्कार. कार्यालयाचं सभागृह भरलं होतं, मोठे साहेब आले होते. बायको आणि मी तिसऱ्या रांगेत, मंडळाच्या माणसांच्या मागे. साहेबांनी दादांना स्मृतिचिन्ह दिलं, अभिप्राय वाचून दाखवला आणि म्हणाले, "आता आमच्या नटश्रेष्ठांनी दोन शब्द बोलावेत."

दादा माइकसमोर उभे राहिले. त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. आणि थांबले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेच ते मौन! दादा थांबलेलेच. साहेब मान डोलवत होते. दहा सेकंद गेले, पंधरा गेले. दादांनी मान किंचित डावीकडे वळवली. डाव्या विंगेत कोणीच नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि ओठ, तेच ते बारा नगांतले दोन, कोरडे पडून थरथरू लागले. टाळ्या थांबल्या. मी खुर्चीला घट्ट धरून बसलो. देवाशप्पथ सांगतो, मला आनंद झाला. पुढच्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली, पण मी उठलो नाही.

तेवढ्यात माझ्या बरगडीत कोपर बसलं.

"अहो, बघत काय बसलाय? दादा अडकलाय! जा ना, सांगा त्याला काहीतरी!"

मी बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"डावीकडे बघतोय तो. न कळायला मी काय आंधळी आहे? जा आधी!"

मी गेलो. वाकून, लोकांच्या पायांमधून, डाव्या विंगेत, माझ्या नेहमीच्या जागी.

"मी आपणा सर्वांचा ऋणी आहे," मी कुजबुजलो.

"मी आपणा सर्वांचा ऋणी आहे!" दादांचा आवाज सभागृहभर घुमला. लोकांनी श्वास सोडला.

"हे यश माझ्या एकट्याचं नाही."

"हे यश माझ्या एकट्याचं नाही!"

"आज मला विशेष आभार मानायचे आहेत ते..."

"आज मला विशेष आभार मानायचे आहेत ते..."

आणि माझी वाचा बसली. पुढचा शब्द जिभेवर होता. दादा मी देईन ते बोलणार होते. पण स्वतःचं नाव स्वतःच कसं द्यायचं? चौदा वर्षांत प्रॉम्प्टर पहिल्यांदा अडकला. दादा माझ्याकडे बघताहेत, सभागृह दादांकडे बघतंय, आणि मी माझ्या रिकाम्या हातांकडे.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माझी बायको उभी राहिली होती. सगळ्या कार्यालयासमोर, साहेबांसमोर, लालबुंद होऊन ती ओरडली, "अरे दादा, माझ्या नवऱ्याचे आभार मान! त्यांच्याशिवाय तुला एक वाक्य तरी बोलता येतं का?"

दादांनी ते ऐकलं. क्षणभर थांबले. मग छाती भरून, उजवा हात हृदयाशी नेऊन, एकही शब्द न गाळता म्हणाले, "अरे दादा, माझ्या नवऱ्याचे आभार मान! त्यांच्याशिवाय तुला एक वाक्य तरी बोलता येतं का?"

हशा आणि टाळ्या यांत सभागृह बुडून गेलं. बायको तोंडावर पदर धरून खाली बसली. दादा पुढच्या वाक्यासाठी डावीकडे बघत उभे होते. मी तिथेच होतो, पण मला काही दिसत नव्हतं, आणि वही असती तरी वाचता आली नसती.